दुधाच्या दातांचा प्रश्न

‘पडणारच आहेत, मग भरायचे कशाला?’ दुधाच्या दातांविषयी हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेचे वर्तनही त्यावरच बेतलेले दिसते. वस्तुतः दुधाची शेवटची दाढ दहा-बारा वर्षांच्या वयापर्यंत तोंडात असते. ती चौथ्या वर्षी किडली, तर पुढची सहा-सात वर्षे मुलाने ठणका सोसत, एका बाजूने चावत काढायची काय?

इतक्या सार्वत्रिक विकाराचे संशोधनही तोकडेच. दुधाच्या दातांत काय भरावे यासंबंधीच्या चाचण्यांचा कॉक्रेन संस्थेने २००९ साली आढावा घेतला, तेव्हा निकषांत बसणाऱ्या अवघ्या तीन चाचण्या सापडल्या आणि निर्णय देता आला नाही.

पंधरा वर्षांखालील मुलांच्या दातांत चांदी, म्हणजे जवळजवळ निम्मा पारा असलेले मिश्रण, अपवाद वगळता भरू नये, असे मिनामाता करारातील राष्ट्रांनी २०२२ साली ठरविले. भारत त्या करारात आहे. निर्णय योग्यच, पण चांदी स्वस्त होती, टिकाऊ होती आणि थोडी लाळ लागली तरी निभावून नेत असे. तिच्या जागी येणाऱ्या दातांच्या रंगाच्या काँपोझिटला कोरडा दात, प्रकाशाचे उपकरण आणि स्थिर बसणारे मूल लागते. म्हणजेच वीज असलेला दवाखाना आणि एका दिवसाची मजुरी बुडवू शकणारी आई.

ग्लास आयोनोमर सिमेंटची गोष्ट निराळी आहे. ते दाताला आपणहून चिकटते. टांझानियात १९८०च्या दशकात विजेवाचून, केवळ हातातील अवजारांनी कीड खरवडून ते भरण्याची पद्धत आकाराला आली. दोन दातांमधल्या खळग्यात ते लवकर तुटते, हे लपविण्याचे कारण नाही. तेथे पोलादी टोपी सरस ठरते. स्कॉटलंडच्या डॉ. नॉर्ना हॉल यांनी तर ती सुई न टोचता, दात न कोरता बसवून दाखविली. आणि टोपी बसविलेल्या दाढा भरलेल्या दाढांपेक्षा कमी दुखतात, असा कौल पुढील आढाव्यांनीही दिला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली हे सिमेंट आवश्यक औषधांच्या यादीत घातले. आपल्याकडे राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणीत दंतविकार आहेतच. पण कार्डावर ‘दात किडलेले’ एवढी नोंद होऊन मूल पुन्हा वर्गात जाऊन बसणार असेल, तर त्या तपासणीचे मोल काय? पथकासोबत प्रशिक्षित दंतकर्मी आणि सिमेंटची पेटी गेली पाहिजे, आणि दाढ शाळेच्या व्हरांड्यातच भरली गेली पाहिजे.