चेहरा तोच राहू द्या

गणपती जवळ आले की मुंबईतल्या चिंचपोकळी, लालबाग, काळाचौकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर जुने फोटो फिरू लागतात. चाळीच्या गॅलरीत दाटीवाटीने उभी असलेली बिऱ्हाडं, मोर्चातले तरुण गिरणी कामगार, चिंचपोकळीच्या चिंतामणी गणपतीच्या मांडवातले कार्यकर्ते. हल्ली यातले बरेच फोटो कुठल्याशा अ‍ॅपमधून रंगीत, गुळगुळीत होऊन येतात आणि नातवालाच आजोबा ओळखू येत नाहीत. हे थांबायला हवं.

जुना फोटो दुरुस्त करणं हे चांगलंच काम आहे. पावसाळ्यात चढलेली बुरशी, घडीची चीर, स्टेपलरच्या गंजाचा डाग, प्रिंट नीट न धुतल्यामुळे उरलेल्या हायपोने आलेला पिवळेपणा, हे सगळं फोटो काढल्यानंतर कागदावर आलेलं आहे. ते खुशाल काढावं. सत्तर-ऐंशीच्या दशकातले घरोघरचे रंगीत फोटो लालभडक दिसतात, कारण त्यातला निळसर रंग बहुतेकदा आधी उडतो. तिथे लाल, हिरवा, निळा अशा तिन्ही चॅनेलचे कर्व्ह वेगवेगळे जुळवावे लागतात. फोटोत मुळात करडी असलेली एखादी वस्तू शोधायची, मागच्या मोरीतलं अ‍ॅल्युमिनियमचं पातेलंही चालतं. ते पातेलं पुन्हा करडं दिसू लागलं की माणसांचे रंगही बरेचसे जागेवर येतात. एका फोटोला तास-दीड तास जातो, पण त्यात पदरचं काही घातलं जात नाही.

अ‍ॅप मात्र पदरचं घालतं. त्या पिढीतल्या कितीतरी चेहऱ्यांवर देवीचे व्रण होते. देवीचा आपल्याकडचा शेवटचा रुग्ण १९७५ सालचा. हे व्रण अ‍ॅपला कागदावरचे डाग वाटतात आणि ते पुसून टाकतं. सावळ्या माणसाला उजळ करतं, ते तर मला अपमानास्पदच वाटतं. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले होते. त्या दिवसांतल्या मोर्चाचा धूसर फोटो ‘स्वच्छ’ करायला दिला, तर फलकावरच्या अक्षरांच्या जागी देवनागरीसारखी दिसणारी निरर्थक चिन्हं येतात. गिरणीचं नाव जातं, मागणी जाते. गिरण्यांच्या जागी टॉवर उभे राहिल्यावर त्या फलकाचा पुरावा म्हणून उरलाय तो हा एक फोटोच.

रंग भरण्याचंही तसंच. चिंचपोकळीचं गणपती मंडळ १९२०चं. इतक्या जुन्या मंडळांच्या कृष्णधवल फोटोतलं मूर्तीचं पितांबर पिवळं होतं की केशरी, हे यंत्राला कळायला मार्ग नाही. त्या काळच्या कॅमेऱ्यातल्या बऱ्याच प्लेटांना लाल रंग दिसतच नसे. लाल शेला फोटोत काळा उमटायचा आणि निळं आभाळ पांढरं पडायचं. त्यावरून भरलेले रंग हा निव्वळ अंदाज असतो. हौस म्हणून भरायचे तर भरा, पण खाली ‘रंग अंदाजाने भरले आहेत’ एवढं लिहा. नाहीतर चार वर्षांनी हीच प्रत एखाद्या स्मरणिकेत खरी म्हणून छापली जाईल.

मूळ स्कॅन हात न लावता वेगळा ठेवणं तर सगळ्यात गरजेचं. पोस्टकार्डाएवढ्या फोटोला ६०० डीपीआय, फाइल टिफ, आणि दुरुस्ती नेहमी दुसऱ्या प्रतीवर. फोटोची मागची बाजूही स्कॅन करावी, स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलने लिहिलेलं साल तिथेच असतं. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, फ्रेमसकट स्कॅन करावा.

आपल्या मंडळांकडे दहा दिवस हातात असतात, पोरं असतात, वीज असते. मांडवाच्या कडेला एक टेबल, एक स्कॅनर आणि एक वही ठेवावी. लोकांनी घरचा फोटो आणावा, तो समोरच स्कॅन करून तिथल्या तिथे परत द्यावा. शेजारच्या खुर्चीवर चाळीतल्या एखाद्या आजींना बसवावं आणि फोटोत डावीकडून कोण कोण उभं आहे ते त्यांच्याकडून वहीत उतरवून घ्यावं. साडीचा खरा रंगही त्यांनाच विचारावा.