काचेच्या दालनाची किंमत
भोरच्या बाजारपेठेत लॅक्मेचं काजळ सहज मिळतं. एस्टी लॉडरचं काउंटर मात्र तिथे नाही, आणि ते नसण्यातच त्या धंद्याची मेख आहे. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झालेल्या या कंपनीकडे आज मॅक, क्लिनिक, बॉबी ब्राउन अशी नावं आहेत. माल निवडक दुकानांत, विमानतळांवर मांडायचा आणि खरेदीबरोबर छोटीशी भेट हातात ठेवायची, ही तिची जुनी रीत. (जत्रेतला अत्तरवाला मनगटाला थेंब लावतो तेव्हा तो तरी वेगळं काय करतो? त्याच्यामागे काचेचं दालन नसतं, इतकंच.) लॅक्मेची चाल उलटी. टाटांनी ती १९५२ मध्ये काढली; नाव फ्रेंच ऑपेराचं, म्हणजे फिरून आपली लक्ष्मीच. सिमोन टाटांनी ती वाढवली. पण वेल्ह्याच्या दुकानापर्यंत पोहोचायला साबण-चहा नेणारी वितरणाची साखळी लागते, आणि ती हिंदुस्थान लिव्हरकडे होती. १९९८ मध्ये टाटांनी लॅक्मे त्यांनाच विकली. मूळ कंपनी ट्रेंट या नावाने कपड्यांच्या दुकानदारीत उतरली. आजचं वेस्टसाइड तिचंच.