सातबारा सरकारजवळ, पुरावा मात्र शेतकऱ्याने द्यायचा!

सातबारा सरकारच्या संगणकात आहे. आठ-अ तिथेच आहे. आधार सरकारने दिले, बँकेचे खाते आधारला जोडायला सरकारनेच लावले. खरिपात रानात कोणते पीक उभे होते त्याचा फोटोही ई-पीक पाहणीच्या ॲपवरून सरकारकडे गेला. एवढे सगळे हाताशी असताना मदत वाटायची वेळ आली की सरकार शेतकऱ्यालाच विचारते : तू कोण, आणि जमीन तुझी कशावरून?

या पत्रकाची मागणी साधी आहे. जी मदत जमिनीच्या आणि पिकाच्या नोंदीवरून द्यायची आहे तिच्यासाठी शेतकऱ्याकडून अर्ज मागणे बंद करा. यादी सरकारने करावी, गावात लावावी आणि ज्याला वगळले त्याला कारण लेखी द्यावे.

पीएम-किसान योजना 24 फेब्रुवारी 2019 ला सुरू झाली. वर्षाला 6,000 रुपये, तीन हप्त्यांत. राज्याने 2023 मध्ये ‘नमो शेतकरी महासन्मान निधी’ आणून त्यात आणखी 6,000 घातले. दोन्ही मिळून दिवसाला तेहतीस रुपयांच्या आसपास. त्यासाठी तीन कुलपे उघडावी लागतात : ई-केवायसी, आधारशी जोडलेले खाते आणि जमिनीच्या नोंदीची पडताळणी. यांतले एकही अडले की हप्ता थांबतो. तिसरे कुलूप तर शेतकऱ्याच्या हातातच नाही. जमिनीची माहिती महसुलाच्या कार्यालयातून भरली जाते. ती चुकली किंवा राहिली तरी हप्ता शेतकऱ्याचाच थांबतो, आणि तहसीलच्या पायऱ्याही त्यालाच झिजवाव्या लागतात.

पहिले कुलूपही वाटते तितके सोपे नाही. खुरपे आणि फवारणीचा पंप धरून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्यांचा ‘थंब’ मशीनवर उठत नाही. ओटीपीने करावे तर आधारला जोडलेला नंबर जुना, किंवा मुंबईत कामाला गेलेल्या मुलाचा. चेहरा दाखवून ई-केवायसी करण्याची सोय 2023 च्या जूनमध्ये आली, पण तिला चांगला फोन आणि रेंज लागते. सेवा केंद्रातल्या ई-केवायसीची ठरलेली फी 15 रुपये आहे. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी त्यात धरलेली नाही.

मग नावाचा घोळ. सातबाऱ्यावर ‘बाबू’, आधारवर ‘बाबुराव’, पासबुकावर आडनाव आधी. गावात तिघे एकच आहेत हे शेंबडे पोरही सांगेल, संगणक मात्र मानत नाही. लेखनातली चूक दुरुस्त करायला जमीन महसूल संहितेत कलम 155 आहे. त्यासाठी तहसीलदारांकडे जायचे ते पुन्हा अर्ज घेऊनच.

महाडीबीटीवरची वाट याहून लांब आहे. ठिबक सिंचनाला केंद्राच्या योजनेतून अल्प व अत्यल्प भूधारकांना 55 टक्के आणि इतरांना 45 टक्के अनुदान आहे. राज्याच्या पूरक योजनेने ते 80 आणि 75 टक्क्यांवर नेले. आकडे चांगले आहेत, त्यांना कोणी नाव ठेवत नाही. पण क्रम पाहा. नोंदणी करा, 23 रुपये 60 पैसे भरा, निवडीच्या मेसेजची वाट पाहा, सातबारा आणि कोटेशन अपलोड करा, पूर्वसंमती घ्या, मग खरेदी करा, बिल चढवा, मोका तपासणी होऊ द्या आणि त्यानंतर अनुदान. पूर्वसंमतीच्या आधी खरेदी केली तर अर्ज बाद.

म्हणजे अनुदान येईपर्यंत पैसा शेतकऱ्याचाच अडकतो. ज्याच्याकडे नसतो तो काढून आणतो. शेकडा दोन रुपये महिना व्याजाने लाख रुपये उचलले आणि अनुदान दहा महिने रखडले, तर 20,000 रुपये व्याजातच गेले. अनुदानाच्या टक्केवारीत ही वजाबाकी कोणी दाखवत नाही. गरिबाला शेतीत उभे करायला काढलेली योजना अशा रीतीने ज्याच्या गाठीला आधीच पैसा आहे त्याच्या पदरात पडते. महाडीबीटीवरची लॉटरी 2025 मध्ये बंद होऊन ‘प्रथम अर्ज, प्रथम प्राधान्य’ आले. नशिबाचा खेळ संपला हे बरे झाले. आता शर्यत आहे, आणि शर्यतीत नेट आणि माहिती असणारा पुढे राहणार हे उघड आहे.

अर्जाशिवाय सरकारला काम जमत नाही, असे कोणी म्हणेल. महाराष्ट्राचाच अनुभव तसे सांगत नाही.

2017 ची छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजना आठवावी. चौतीस हजार कोटींची कर्जमाफी जाहीर झाली आणि प्रत्येकाने ऑनलाइन अर्ज भरावा असे ठरले. शेतकरी कामधाम सोडून केंद्रांपुढे रांगेत उभे राहिले. सर्व्हर बसला. अर्जातली माहिती आणि बँकांनी 66 रकान्यांत भरलेली माहिती यांचा मेळ बसेना, आणि याद्यांवर याद्या निघत राहिल्या.

पुढची कर्जमाफी, महात्मा जोतीराव फुले शेतकरी कर्जमुक्ती योजना, डिसेंबर 2019 मध्ये जाहीर झाली. तिला अर्जच नव्हता. बँकांनी कर्जखात्यांची माहिती थेट सरकारला दिली. पहिली यादी फेब्रुवारी 2020 मध्ये लागली. शेतकऱ्याने आधार घेऊन जायचे, पडद्यावर आपली रक्कम पाहायची, मान्य असेल तर अंगठा द्यायचा, नसेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे तक्रार करायची. या वाटेने तीस लाखांहून अधिक शेतकऱ्यांची कर्जे फिटली. दोन लाखांच्या मर्यादेवरून वाद झाले, ते वेगळे. पण राज्य तेच, बँका त्याच, शेतकरीही तेच असताना अर्ज काढून टाकल्यावर काम सुरळीत झाले.

शेजारच्या तेलंगणाने मे 2018 मध्ये रयतु बंधू योजना सुरू केली. एकरी 4,000 रुपये, दर हंगामाला. त्यांनी आधी गावोगाव जमिनीच्या नोंदी दुरुस्त केल्या आणि त्यावरून पहिल्या हंगामाचे धनादेश गावात नेऊन वाटले. त्या योजनेत मोठी खोट होती : पैसे जमीनमालकाला मिळाले, कसणाऱ्या कुळाला नाही. महाराष्ट्राने तिची नक्कल करू नये. मात्र आधी नोंद दुरुस्त आणि मग वाटप, हा क्रम नक्की उचलावा.

हीच खोट आपल्याकडेही आहे. बटईने, अर्धलीने, ठोक्याने शेती करणाऱ्याचे नाव कुठल्याच कागदावर नसते. कूळ लागेल या भीतीने मालक लेखी काही देत नाही. बियाणे, खत आणि कर्ज कसणाऱ्याच्या अंगावर, मदत मात्र सातबाऱ्यावरच्या नावाला. 2023 च्या खरिपातल्या कापूस आणि सोयाबीनला जाहीर झालेल्या हेक्टरी 5,000 रुपयांच्या मदतीत सामाईक खातेदारांचेही हाल झाले. एका खात्यावर चार भाऊ, त्यांतला एक सुरतेला, एक पुण्याला. सगळ्यांच्या सहीचे संमतीपत्र आल्याशिवाय रक्कम कोणाच्याच खात्यावर नाही. ज्यांनी ई-पीक पाहणी केली नव्हती ते तर आधी यादीबाहेरच राहिले.

कागद सैल केले तर बोगस लाभार्थी घुसतील, हा शेवटचा बचाव. 2020 मध्ये तामिळनाडूत पीएम-किसानचे सुमारे 110 कोटी रुपये अपात्र लोकांच्या खात्यांत गेले. त्यासाठी खात्याच्या कर्मचाऱ्यांचेच लॉगिन वापरले गेले होते. जालना जिल्ह्यात अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत अतिवृष्टीच्या अनुदानात अपहार उघड झाला, तेव्हा तलाठी निलंबित झाले. या दोन्ही ठिकाणी कागदांची अट होतीच. चोराने ती आतून ओलांडली आणि खरा शेतकरी दारात उभा राहिला. गावात जाहीर लावलेली आणि ग्रामसभेत वाचलेली यादी हा बोगसगिरीवर यापेक्षा कडक पहारा आहे, कारण कोणाचे रान कुठे आहे हे गावाला ठाऊक असते.

15 एप्रिल 2025 पासून कृषी विभागाच्या योजनांना शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. त्याच वर्षीच्या अतिवृष्टीनंतर हा क्रमांक असलेल्यांना ई-केवायसीतून सूट मिळाली. ‘जिवंत सातबारा’ मोहिमेत मयत खातेदारांच्या याद्या चावडीवर वाचल्या गेल्या आणि वारसांच्या नोंदी लागल्या. म्हणजे सरकारने मनावर घेतले की जमते. एवढे झाल्यावर पुन्हा सातबारा अपलोड करा, असे सांगण्याला कोणते कारण उरते?

म्हणून मागण्या अशा :

1. जमीन आणि पिकाच्या नोंदीवरून द्यायच्या प्रत्येक मदतीची यादी सरकारने तयार करावी. अर्ज नको.

2. ठिबक, अवजारे अशा निवडीच्या योजनांना ओळख क्रमांकावर एकच अर्ज असावा. सरकारकडे असलेला एकही कागद पुन्हा मागू नये.

3. वगळलेल्याला कारण लेखी मिळावे आणि दुरुस्ती गावातच, ठरल्या मुदतीत व्हावी. लोकसेवा हक्क कायदा 2015 मध्ये उशिरासाठी अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड आहे. तोच नियम इथे लावावा.

4. मोका तपासणीनंतर अनुदान रखडले तर त्यावर व्याज द्यावे.

5. कसणाऱ्याची नोंद मालकी हक्काला धक्का न लावता, फक्त मदतीसाठी, ग्रामसभेने करावी.

6. सामाईक खात्यावर प्रत्येकाला त्याच्या हिश्श्यापुरती रक्कम वेगळी मिळावी.

येत्या ग्रामसभेत हे सहा मुद्दे ठरावाच्या रूपाने मांडा. ठरावाची सहीशिक्क्याची प्रत मागून घ्या, एक प्रत तहसीलदारांना द्या आणि पोच घ्या. ज्यांचा हप्ता थांबला आहे त्यांनी कारण तोंडी ऐकून परत फिरू नये, लेखी मागावे. आमदार मते मागायला येतील तेव्हा हे पत्रक त्यांच्या हातात ठेवा आणि यांतल्या कोणत्या मागणीला विरोध आहे ते भर सभेत विचारा.