मोटर ठरवायची ती चढावर

पिंपळगाव बसवंत म्हणजे द्राक्षे, टोमॅटो आणि मुंबई-आग्रा महामार्ग. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि फवारणीचे ब्लोअर यांच्या दुरुस्तीचा सराव असलेल्या अशा गावात पोरासाठी बॅटरीवरची गाडी घरी करायची म्हटले, तर सांगाडा वेल्ड करणे हा प्रश्नच नसतो. घोडे अडते ते मोटरवर. तिथे सल्ला तयारच असतो : भंगारवाल्याकडून वायपरची मोटर आणा, स्वस्तात काम होते.

या सल्ल्यात तथ्य आहे. वायपरची मोटर 12 व्होल्टवर चालते, आतल्या वर्म गिअरमुळे तिचा दांडा संथ फिरतो : हळू वेगाला मिनिटाला साधारण 45 फेरे, जलद वेगाला 65. दहा इंची चाकाला ती थेट जोडली, तर गाडी ताशी दोन-तीन किलोमीटरने जाईल. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला फरशीच्या ओट्यावर एवढे पुरे.

पण पोर ओट्यावर थांबत नाही. ते गाडी घेऊन बांधाकडे वळते, आणि वायपरची मोटर मुळात काच पुसण्यासाठी बनलेली असते. शिवाय वर्म गिअर चाकाकडून उलटा सहसा फिरत नाही. बटण सोडले की चाक जागच्या जागी आवळते आणि पोर पुढे आदळते. अनेक वायपर मोटरींची निगेटिव्ह बॉडीलाच जोडलेली असते. त्यामुळे रिव्हर्स द्यायचा तर मोटर सांगाड्यापासून अलग बसवावी लागते. हे सारे निस्तरताना स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

भंगारवादी मग सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्र्याचे दत्तात्रय लोहार यांचे नाव पुढे करतात. त्यांनी मुलासाठी जुन्या सामानातून किक मारून सुरू होणारी छोटी चारचाकी बनवली. डिसेंबर 2021 मध्ये आनंद महिंद्रांनी तिचे कौतुक केले आणि पुढे तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. लोहारांचे कसब वादातीत. पण त्यांची गाडी इंजिनाची होती. इंजिनावर झेपेना इतका भार आला की ते बंद पडते. विजेची मोटर बंद पडत नाही. ती मुकाट्याने जास्त करंट ओढते. करंट दुप्पट झाला की वायंडिंगमधली उष्णता चौपट होते, आणि वास येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. इंजिनाच्या बाबतीत खपलेला अंदाज मोटरच्या बाबतीत खपत नाही.

दुसरा पक्ष याच्या अगदी उलट. कटकट नको, सरळ ई-रिक्षाची मोटर घाला, असे तो म्हणतो. ही मोटर साधारण 48 व्होल्ट आणि हजार वॅटच्या घरातली. तिच्यामागे चार जड बॅटऱ्या आल्या, बॅटऱ्यांमागे जाड सांगाडा आला. खेळण्याचे वाहन झाले, ब्रेक मात्र खेळण्याचेच राहिले. एत्तोरे बुगाटी तर शर्यतीच्या गाड्या करणारा माणूस. त्यानेही 1920 च्या दशकात धाकट्या मुलासाठी, रोलाँसाठी, छोटी बुगाटी केली, तेव्हा तिला 12 व्होल्टची बॅटरी आणि विजेची मोटरच दिली होती.

मग किती मोटर हवी? हिशेब चढावरून करावा. गाडी, बॅटरी आणि पोर मिळून 60 किलो धरू. वेग ताशी सात किलोमीटर, म्हणजे मोठ्या माणसाने झपाझप चालावे तेवढा. सपाट काँक्रीटवर चाकाला जेमतेम 20-25 वॅट लागतात. दहा मीटरला एक मीटर चढ आणि खाली भुसभुशीत माती असली, की तीच मागणी 160 वॅटच्या पुढे जाते. पोर तेच, गाडी तीच, काम सातपट! अंगणात चालवून पाहिलेली मोटर बांधावर का जळते, याचे उत्तर या सातपटीत आहे.

या मागणीला बाजारातली 24 व्होल्ट, 250 वॅटची गिअर असलेली डीसी मोटर नेमकी बसते. विजेच्या सायकलींसाठी विकली जाणारी ही मोटर गिअरनंतर मिनिटाला तीनशेच्या आसपास फेरे देते. तिच्या नऊ दाती स्प्रॉकेटवरून सायकलच्या 18 दाती फ्रीव्हीलला चेन दिली, की फेरे निम्मे आणि ओढ दुप्पट. दहा इंची चाकावर वेग बरोबर सातच्या जवळ येतो. फ्रीव्हीलमुळे बटण सोडल्यावर चाक आवळत नाही. मात्र रिव्हर्स मिळत नाही आणि ब्रेक वेगळा लावावा लागतो. हा तोटा पत्करण्याजोगा आहे, कारण ब्रेक तसाही हवाच. करंटला मर्यादा घालणारा कंट्रोलर आणि बॅटरीच्या तोंडाशी फ्यूज यांत काटकसर नको.

बॅटरीसाठी तर द्राक्षपट्ट्यात लांब जायला नको. पाठीवरच्या फवारणी पंपातल्या 12 व्होल्ट, 8 अँपिअर-अवरच्या दोन बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या की 24 व्होल्ट झाले. मात्र दोन्ही सारख्या वयाच्या असाव्यात. जुनी-नवी जोडी लावली की जुनी आधी मरते.

गाडी तयार झाली की पोराला लगेच बसवू नये. टोमॅटोचे 20 किलोचे भरलेले क्रेट सीटवर ठेवावे, गाडी बांधाच्या चढावर सलग दहा मिनिटे चालवावी आणि मोटरवर हात ठेवून पाहावा. हात टेकवत नसेल, तर मोटर लहान आहे किंवा दात्यांचे गणित चुकले आहे. आधी मागची चक्री मोठी करून पाहावी, नवी मोटर नंतर घ्यावी.