यंत्रापूर्वीं घर

उन्हाळा लागला कीं वर्तमानपत्रांतून वातानुकूलन-यंत्रांच्या जाहिरातींची झोड उठते, आणि घरोघरीं एकच खल चालू होतो: यंत्र कोणतें घ्यावें? या प्रश्नावर आमच्या समाजांत दोन पक्ष पडलेले दिसतात. पहिला म्हणतो, हीं सारीं थेरें आहेत. वाळ्याचे पडदे आणि माठाचें पाणी यांवर वाडवडिलांनीं उन्हाळे काढले, मग तुम्हांसच हा नाजूकपणा कोठून आला? दुसरा म्हणतो, पैसे टाका, मोठ्यांत मोठें यंत्र आणा आणि दारें लावून स्वस्थ झोपा. आमच्या मतें दोन्ही पक्ष चुकतात, आणि त्यांच्या भांडणांत खरा अपराधी मात्र निसटून जातो.

पहिल्या पक्षाचें म्हणणें आधीं घेऊं. उष्मा ही केवळ गैरसोय आहे असें ज्यांस वाटतें, त्यांनीं २०१० सालच्या मे महिन्यांतील अहमदाबादेची आठवण करावी. त्या एका महिन्यांत तेथें नेहमींपेक्षां हजाराहून अधिक मृत्यु घडले. तेव्हां कोठें, २०१३ सालीं, तेथील महानगरपालिकेनें उष्म्याशीं सामना देण्याची योजना आंखली. घाम वाळतो तेव्हां शरीर निवतें. कोंकणपट्टीच्या दमट हवेंत तो धड वाळतच नाहीं. अशा रात्रीं म्हाताऱ्या माणसास, तान्ह्या मुलास किंवा हृदयविकाराच्या रोग्यास थंड खोली मिळणें हा विलास नव्हे. वाडवडिलांचा दाखला देणारांस आमचा एकच सवाल आहे: वाडवडिलांचे उन्हाळे सांगतां, पण त्यांचीं घरें कोठें आहेत? जाड भिंती, मध्यें चौक, पुढें ओसरी आणि वर कौलें असलेलीं तीं घरें पाडून आपण सिमेंटच्या पेट्या उभ्या केल्या. पेटींत राहणाऱ्यास वाड्यांतील सहनशीलतेचा उपदेश करणें हें शहाणपणाचें लक्षण खास नव्हे.

आतां दुसरा पक्ष. ‘दीड टनाचें घ्या, काळजी नको’ हा दुकानदाराचा मंत्र. हा टन वजनाचा नव्हे. चोवीस तासांत एक अमेरिकन टन बर्फ वितळण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढी खोलींतून बाहेर काढणारें यंत्र तें एक टनाचें. म्हणजे सुमारें ३.५ किलोवॅट. गरजेहून मोठें यंत्र हवा झटकन् गार करून थांबतें, आणि ओलावा खोलींत तसाच राहतो. मग अंग गारठतें, पण चिकचिक जात नाहीं. विलिस कॅरिअर यांनीं १९०२ सालीं न्यूयॉर्कमधील एका छापखान्यासाठीं पहिलें यंत्र रचलें, तेंच मुळीं दमट हवेनें कागद फुगूं नये म्हणून. हा जन्मवृत्तांत आमचे विक्रेते विसरलेले दिसतात. वेग कमीजास्त करणाऱ्या इन्व्हर्टर यंत्रांत हा दोष पुष्कळसा कमी होतो, तथापि अजिबात जात नाहीं. उलट नागपूर-चंद्रपूरकडील कोरड्या वैशाखांत पाण्याचा साधा कूलर थोड्याशा विजेवर तेंच काम करितो. मात्र पाऊस सुरू झाला कीं त्याचा उपयोग संपतो, आणि मुंबई-रत्नागिरीस तर तो मुळांतच निरुपयोगी. तेव्हां गांव कोणतें हें न विचारतां यंत्र सुचविणारा मनुष्य सल्लागार नव्हे, केवळ विक्रेता होय.

ताऱ्यांच्या चिठ्ठीविषयींहि असेंच. तीवरील वार्षिक विजेचा आंकडा १६०० तासांच्या वापरावर बसविलेला असतो. ज्याचें यंत्र याच्या दुप्पट तास चालतें त्यानें बिलहि त्याच मानानें धरावें. शिवाय ताऱ्यांच्या कसोट्या वेळोवेळीं कडक होतात, म्हणून तारे मोजण्यापूर्वीं चिठ्ठीवरचें साल वाचावें. आंत कोणता वायु भरला आहे हेंहि विचारावें. आर-४१०ए हा वायु हवेंत सुटल्यास कार्बन डायऑक्साइडच्या सुमारें दोन हजार पट ताप वाढवितो. आर-३२ सुमारें पावणेसातशे पट.

परंतु हें सर्व विचारूनहि मुख्य प्रश्न शिल्लकच राहतो: ही उष्णता घरांत आली कोठून? ती आली वरच्या मजल्यावरील उघड्या स्लॅबमधून, आणि पश्चिमेच्या त्या भल्यामोठ्या कांचेंतून, जिच्यावर वीतभर छज्जा घालण्याचा खर्च बांधणाऱ्यानें वांचविला. त्याच इमारतींत यंत्राचें बाहेरचें धूड टांगावयास जागा मात्र अगत्यानें सोडलेली असते! म्हणजे सावली देण्याचें ज्याचें कर्तव्य, त्यानें एकदांच पैसे वांचवावे, आणि राहणाऱ्यानें ते दरमहा विजेच्या बिलांत जन्मभर भरावे. बाहेरून घरांत किती उष्णता शिरूं द्यावी याची मर्यादा घालणारी ‘इको-निवास संहिता’ केंद्र सरकारनें २०१८ सालीं प्रसिद्ध केली. घर घेतांना गिऱ्हाईक फरशी पाहतो, नळ पाहतो, पोहण्याचा तलाव पाहतो. या संहितेचें नांव तरी कितीजण काढतात?

याचें मोल केवळ बिल भरणाराच देत नाहीं. दीड टनाचें यंत्र खोलींतून सुमारें सव्वापांच किलोवॅट उष्णता काढतें, आणि तींत स्वतः खाल्लेल्या विजेची भर घालून सारी गल्लींत ओततें. त्या गल्लींत रात्रपाळीचा पहारेकरी बसलेला असतो, आणि पलीकडे पत्र्याच्या छपराखालीं एक कुटुंब झोंप येण्याची वाट पाहत असतें. ही वीज येते तीहि पुष्कळ अंशीं कोळशाच्या धुरांतून. आणि कोळशाचें मोठें वीजकेंद्र ज्या चंद्रपुरास आहे, तेंच राज्यांतील अत्यंत तप्त शहरांपैकीं एक आहे.

यावर कोणी म्हणेल, आम्ही भाडेकरी. छप्पर आमचें नव्हे, भिंत आमची नव्हे. हें खरें आहे. परंतु खिडकीबाहेर चीक सोडण्यास मालकी लागत नाहीं, आणि गच्चीस पांढरा चुना फांसा असें मालकास किंवा सोसायटीच्या सभेस ठणकावून सांगण्यास तोंड लागतें, तेवढें भाडेकऱ्यासहि आहे. प्रथम ऊन बाहेर अडवावें. मग पंखा लावावा. त्यानंतरहि जी उष्णता उरेल तिच्या मापाचें यंत्र घ्यावें, आणि तें २४ अंशांवर चालवावें. ज्यास यंत्र खरोखर हवें त्यानें तें लाज न बाळगतां घ्यावें. लाज वाटावयाची ती उन्हांत भट्टी बांधून तिला घर म्हणणारांस. आणि त्यांस ती आपण होऊन वाटत नसेल, तर खरेदीखतावर सही करण्यापूर्वीं ती वाटावयास लावणें हें गिऱ्हाइकाचें काम आहे.