पदराने पुसलेला चष्मा

गेल्या महिन्यात सहावीच्या एका मुलीला मी उगाच रागावले. उर्दूच्या तासाला फळ्यावरचं उतरवून घेताना ती सारखी चुकत होती. ‘पे’च्या खाली तीन नुक्ते, ‘बे’च्या खाली एक, हिच्या वहीत सगळ्या ‘पे’चे ‘बे’ झालेले. मराठीच्या तासाला अनुस्वार गायब. ‘लक्ष कुठं असतं तुझं?’ हे बोलून झालं. मग सहज तिचा चष्मा हातात घेऊन खिडकीकडे धरला. दोन्ही काचांवर मधोमध बारीक ओरखड्यांचं जाळं.

कशाने पुसतेस, विचारलं. म्हणाली, ‘ओढनी से, टीचर. आप पल्लू से पोंछते, वैसाच.’

काय बोलणार? वर्षानुवर्षं मी वर्गासमोर उभी राहून खडूची भुकटी लागलेल्या पदराने चष्मा पुसत आले. बी.एड.ला फळ्यावर अक्षर किती मोठं काढायचं ते शिकवलं होतं, मुलांच्या चष्म्याकडे बघा असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही.

आपण ‘काच’ म्हणतो, पण हल्ली बहुतेक चष्म्यांत काच नसते, प्लास्टिक असतं. ते हलकं असतं, पडलं तरी सहसा फुटत नाही, पण ओरखडे लगेच पडतात. रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या प्लास्टिकपेक्षा कठीण. कोरडं कापड फिरवलं की ते कण काचेवर घासले जातात. कापड कितीही मऊ असलं तरी हेच होणार. म्हणून आधी पाणी, मग कापड. चष्मा नळाखाली धरायचा, भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने दोन्ही बाजूंना फिरवायचा, नाकावर टेकणाऱ्या पॅडनाही लावायचा (खरा मळ तिथेच असतो), धुऊन झटकायचा आणि स्वच्छ सुती कापडाने टिपायचा. पाणी गार हवं, उष्णतेने काचेवरचा थर तडकतो. उन्हातल्या स्कूटरच्या डिकीतही म्हणूनच ठेवू नये. दुकानदार देतो ते छोटं कापडही धुवावं लागतं. माझं चार वर्षांत एकदाही धुतलं नव्हतं.

शाळेत डोळे तपासले जातात, चष्मे मिळतात, ही मोठी गोष्ट आहे. पण चष्मा हातात देताना तो धुवायचा कसा, हे दोन मिनिटं दाखवायला काय हरकत आहे? यात खर्च नाही. आणि हे काम डॉक्टरांचं नाही, आम्हा शिक्षकांचं आहे. ओरखडे पडले तर घरी बोलणी बसतात, म्हणून मूल सांगत नाही. आणि आम्ही त्याला ‘कच्चा’ ठरवून मोकळे होतो.

आता सोमवारी दुसऱ्या तासाला माझ्या वर्गातली चष्मेवाली मुलं नळावर जातात. दुसऱ्याच तासाला, कारण त्यानंतर पाणी जातं. मीही माझा तिथंच धुते.

त्या मुलीच्या काचा मात्र धुऊन उपयोग नव्हता. टूथपेस्टने ओरखडे जातात म्हणतात, तसं काही होत नाही, उलट वाढतात. तिच्या अब्बांना बोलावलं, तर म्हणाले, पगार झाला की बघतो. तोपर्यंत ती पहिल्या बाकावर बसते आणि मी नुक्ते मोठे काढते.