प्रतीक्षेचे शिक्षण

नाताळापूर्वीचे चार रविवार पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत आगमनकाळाचे मानले जातात. या काळात हिरव्या डहाळ्यांच्या चक्रावर दर रविवारी एक मेणबत्ती अधिक लावायची आणि घरातील लहानग्यांनी तिच्या उजेडात सणाची वाट पाहायची, ही प्रथा जर्मनीतून इतर देशांत गेली. वसईच्या आणि गोव्याच्या चर्चमध्येही हे चक्र दिसते. त्याच्याकडे केवळ शोभेची वस्तू म्हणून पाहणाऱ्यांनी त्याचा उगम ध्यानात घ्यावा, कारण हे चक्र प्रथम टांगले गेले ते एका बालकाश्रमात.

योहान हिन्रिख विखर्न या धर्मोपदेशकाने १८३३ साली हॅम्बर्गजवळ ‘राउहेस हाउस’ ही संस्था काढली. शहराच्या दरिद्री वस्त्यांतील उपेक्षित मुलांना तेथे आसरा मिळे. दहा-बारा मुलांचे एकेक ‘कुटुंब’ करून त्यांना वाढवले जाई. डिसेंबर उजाडला की ही मुले नाताळ कधी येणार, असे वारंवार विचारीत. १८३९ साली विखर्न यांनी या प्रश्नाला एका लाकडी चक्राने उत्तर दिले. रविवारांसाठी चार मोठ्या पांढऱ्या मेणबत्त्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या त्यावर बसवल्या होत्या. रोज एक मेणबत्ती अधिक पेटे. सर्व पेटल्या की सण आला! पुढे घरोघरी ही प्रथा गेली, तेव्हा सोयीसाठी चारच मेणबत्त्या उरल्या.

ज्याला तारीख कळत नाही, अशा मुलाला चोवीस डिसेंबर ही कल्पना निरर्थक असते; परंतु न पेटलेल्या मेणबत्त्या त्याला मोजता येतात. काळासारखी अमूर्त गोष्ट विखर्न यांनी मुलांच्या डोळ्यांसमोर आणून ठेवली. अंकगणिताचा हा पाठ कोणत्याही शिक्षकाला आवडावा असाच आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी म्युनिकच्या गेरहार्ड लांग यांनी हीच कल्पना छापील दिनदर्शिकेच्या रूपाने बाजारात आणली. तिच्या खिडक्यांमागे पुढे चित्रांऐवजी चॉकलेटे आली. आता तर प्रौढांसाठी सौंदर्यप्रसाधनांच्या आणि मद्याच्याही अशा दिनदर्शिका विकल्या जातात. आगमनकाळाचा पहिला रविवार २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या दरम्यान केव्हाही येतो. दिनदर्शिका मात्र बहुधा १ डिसेंबरलाच सुरू होते. नाताळचे मसालेदार केक जर्मन दुकानांत सप्टेंबरमध्येच मांडले जातात. बाजाराला प्रतीक्षा परवडत नाही, हे समजण्यासारखे आहे. पालकांनाही ती नकोशी व्हावी, हे मात्र चिंताजनक आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. ज्यांचे पोट भरलेले आहे त्यांनी इतरांना संयमाचे पाठ द्यावेत, हा जुनाच प्रकार असून गरिबांच्या मुलांनी आधीच पुरेशी वाट पाहिलेली असते. हा आक्षेप वजनदार आहे. परंतु प्रतीक्षा दोन प्रकारची असते. एकीला अंत नसतो. तिने मन खचते. दुसरीचा अंत ठरलेला आणि दिसणारा असतो. तिने मन बळावते. विखर्न यांनी मुलांना दुसऱ्या प्रकारची प्रतीक्षा दिली. शेवटची मेणबत्ती पेटेल त्या दिवशी सण होणारच, हे वचन त्या चक्रात होते.

अमेरिकेतील रॉचेस्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग येथे उद्बोधक ठरेल. तीन ते पाच वर्षांच्या अठ्ठावीस मुलांपैकी निम्म्यांना चित्रकामासाठी अधिक चांगले साहित्य देण्याचे कबूल करून ते दिले. उरलेल्यांना तेच आश्वासन देऊन ते पाळले नाही. नंतर प्रत्येकापुढे एक गोड वडी ठेवून, ती तूर्त न खाल्ल्यास दुसरी मिळेल असे सांगितले. शब्द पाळलेला पाहिलेली मुले सरासरी सुमारे बारा मिनिटे थांबली. फसलेली मुले सुमारे तीनच मिनिटे. प्रयोग लहान होता, तरी त्याचा रोख स्पष्ट आहे. ज्याला आपण मुलाचा उतावळेपणा म्हणतो, तो पुष्कळदा वडीलधाऱ्यांविषयी अनुभवाने आलेला अविश्वास असतो.

तेव्हा ही प्रथा मुलांइतकीच मोठ्यांचीही परीक्षा घेते. रोज ठरल्या वेळी मेणबत्ती लावायला घरातील कोणीतरी हजर असावे लागते; मुलाने हट्ट केला म्हणून उद्याची मेणबत्ती आज पेटवता येत नाही आणि आपल्याला वेळ नाही म्हणून आजची उद्यावर ढकलता येत नाही. सण कोणत्याही धर्माचा असो, मुलाला दिलेली तारीख पाळण्याची तयारी नसेल तर त्याला धीराचा उपदेश करण्याचा अधिकार आपल्याला उरत नाही.